न सुटलेली शपथ

अक्का, तुला जाऊन महिना झाला, तरी मी अजून बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहते. आतला पाण्याचा आवाज थांबला की मी दाराला कान लावते. परवा आत आत्याबाई होत्या. बाहेर कोण हाय, म्हणून त्यांनी विचारलं, तर टॉवेल द्यायला आले असं खोटं सांगून टाकलं. सासूबाईंवर पहारा ठेवणारी सून म्हणून बजाजनगरात माझं नाव व्हायचं आता. अकरा वर्षं आपल्या बाथरूमला आतून कडी लागली नाही. तू आत, मी बाहेर, आणि मधल्या फटीतून आपल्या गप्पा. तू म्हणायचीस, "सुनीता, तू कंपनीत क्वालिटीला हायेस का वॉचमन?" मी म्हणायचे, दोन्ही, पण पगार एकाच कामाचा मिळतो.

चारचौघांत मी तुला 'अहो अक्का' म्हणायचे, थोरल्या जावेचा मान म्हणून. दोघीच असलो की 'अगं'. आता दोघीच आहोत, म्हणून अगं. मला तुझ्याशी शपथेचं बोलायचं आहे. तुझ्या लेकीच्या, ऋतूच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तू मला शपथ घातलीस आणि ती सोडायच्या आधीच निघून गेलीस. आपल्याकडे शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं, नाहीतर ती ज्याच्या डोक्यावर घातली त्याला बाधते. बारावी झालेली, कंपनीत रोज हजारभर लोखंडी बुश मापाच्या गेजमध्ये घालून पास-नापास करणारी मी, मला हे पटत नाही. पण भीती पटवून घेऊन येत नाही गं.

सुरुवातीपासून सांगते, तुला माहीत असलं तरी. मी या घरात आले तेव्हा तुझ्याबद्दल मला कुणी काही बोललं नव्हतं. तुझ्या माहेरच्यांनी तरी या घराला कुठं सांगितलं होतं? लग्न झालं की जातं, या एका वाक्यावर तुला देवगाव रंगारीला सून म्हणून पाठवलं. ते दुखणं तुझ्या नवऱ्याच्या, दादांच्या नोकरीबरोबर इथंपर्यंत आलं, गेलं मात्र नाही. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात तू भाकरी थापत होतीस आणि मी शेजारी कांदा चिरत होते. मधेच थांबून तू माझं मनगट धरलंस आणि विचारलंस, "दूध करपलं का गं?" गॅसवर दूध नव्हतंच. मी हसले. तुझ्या हाताची पकड घट्ट होत गेली, नजर भिंतीवर थांबली, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायला लागले. उजवा हात ताठ झाला आणि डाव्या हाताची बोटं पदराशी चाळा करत राहिली. मग मान वळली, घशातून एक आवाज आला, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तू परातीसकट खाली आलीस. आधी सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, मग झटके सुरू झाले. आत्याबाई कांदा हुंगवायला धावल्या आणि दातखीळ सोडवायला त्यांनी उलथन्याचा दांडा तुझ्या तोंडात घातला. तुझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला तो तेव्हाच. दोन मिनिटंच झाली असतील, पण मी मनात तुला पोचवून आले होते.

त्याहून जास्त मी नंतर घाबरले. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि आत्याबाईंना विचारलंस, "ही बाई कोण?" मी तीन महिने तुझ्या ताटात जेवत होते, आणि मी तुला कुणीच नव्हते. मग तू तीन तास झोपलीस. तुला श्वास आहे की नाही ते बघायला मी दर पाच मिनिटांनी येत होते. ती सवय तेव्हापासूनची.

शहरातल्या डॉक्टरबाईंकडे मीच तुला ओढत नेलं, औरंगपुऱ्यात ब्लाऊजपीस घ्यायला जातोय असं घरी सांगून. आठवतंय, तिथं बाकावर आपल्या शेजारी कोण कोण बसलेलं असायचं? पैठणच्या हातमागावर साड्या विणणारा एक माणूस होता, त्याच्या मेंदूत जंताची अंडी जाऊन बसली होती. नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली असावीत, म्हणे. दुसऱ्या एकाला मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालं होतं. एका आजोबांना अर्धांगवायूनंतर, आणि एका पोरीला कशानं ते कुठल्याच तपासणीत सापडलं नव्हतं. सगळ्यांना बाहेरचं जग एकच शब्द वापरायचं, मिरगी. तुझ्या आईनं फोनवर कबूल केलं की तू दीड वर्षाची असताना कडक तापात तुला अर्धा तास झटके आले होते. डॉक्टरबाईंनी डोक्याच्या फोटोत कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा एक आकसलेला तुकडा दाखवला. तिथं व्रण आहे, म्हणाल्या, ठिणगी तिथून पडते. तिथंच विझली तर छोटी फिट. तेव्हा तू नुसती हरवतेस. सगळीकडे पसरली तर मोठी. तो करपल्या दुधाचा वास, पोटातून वर चढणारी कळ, ती फिटची नुसती चाहूल नव्हे, फिटची सुरुवातच. त्यांनी मला बजावलं की तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढं गेलं तर वाट न बघता दवाखाना.

मग काय, मी रजिस्टर उघडलं. कंपनीतून आणलेलं जुनं तपासणीचं रजिस्टर, त्यात तुझे रकाने. आधी काय, सुरू कसं झालं, कुठली बाजू, किती सेकंद, नंतर किती वेळ झोप. तू चिडायचीस, म्हणायचीस, माझा पार्ट पास का रिजेक्ट? पण त्या रजिस्टरवरूनच डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आणि मोठ्या फिट बंद झाल्या. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, दादा म्हणाले, गेलं ते. छोट्या येतच होत्या. पंधरा दिवसांतून एखादी, दीड मिनिटाची. ती आली तर तू कुठंतरी बघत बसली आहेस असंच वाटायचं. ते फक्त मला कळायचं.

त्या रजिस्टरातल्या पहिल्या रकान्यावरून मात्र आपलं जे भांडण झालं ते मिटायचं राहूनच गेलं. फिटच्या आधी एखादा दिवस तुझी चिडचिड व्हायची, भांडी आपटायचीस, हे मी टिपून ठेवलं होतं. एकदा दादांनी तुझ्या माहेरच्यांवरून काहीतरी वाकडं बोलल्यावर तू खरीच भडकलीस आणि मी मधे पडून म्हटलं, अक्का, आधी गोळी घ्या. तू तिथून उठलीस. स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "माझा राग बी माझा नाय का गं आता?" मी विषय बदलून चहा ठेवला. तेव्हा निदान माफी मागायला हवी होती.

भजनी मंडळाचं सुरू झालं ते चार वर्षांपूर्वी. ऋतू पाच वर्षांची होती. मला मूलबाळ नाही, ती आपल्या दोघींची. शिंदेकाकूंची ढोलकी, बारा-पंधरा बायका, गुरुवारची दुपार. अभंग रंगात आला आणि तू हरवलीस. डोळे उघडे, नजर मूर्तीवर, ओठ पुटपुटल्यासारखे हलतायत आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरतोय, मणी ओढावेत तसा. मी मनात सेकंद मोजत होते. शिंदेकाकूंनी हात जोडले. म्हणाल्या, तंद्री लागली बाईला, नाव जपतीय बघा. तू भानावर आलीस तेव्हा दोन बायका तुझ्या पाया पडत होत्या.

घरी येताना मी रागानं तणतणत होते, हे त्यांना सांगायला पाहिजे म्हणून. तू आधी हसत होतीस. मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबून तू जे बोललीस ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. "सुनीता, मी डोळं उघडल्यावर आजवर समोरची माणसं घाबरलेलीच बघितली. आज पहिल्यांदा कुणी घाबरलेलं नव्हतं." आणि माझा हात धरून तू आपल्याबरोबर चालणाऱ्या ऋतूच्या डोक्यावर ठेवलास. घराबाहेर कुणाला सांगणार नाही, म्हण. मी म्हटलं. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

त्यानंतर कितीदा तरी मी तुझ्या मागं लागले, सुटली म्हण. पोळ्या लाटताना, दाराच्या फटीतून, रिक्षात. तू म्हणायचीस, सोडीन की, एवढी काय घाई. मंडळात तुझा मान वाढत गेला. बायका तुला घरची दुखणी सांगायला लागल्या, नवसाचा पहिला पेढा तुला यायला लागला. हळदीकुंकवात मागं बसणारी तू, पुढं बसायला लागलीस. खरं सांगू, मलाही ते बघून बरं वाटायचं. म्हणून मी फार ताणलं नाही. ही माझी चूक आहे आणि ती कुठल्या व्रणामुळे झालेली नाही.

मग या वर्षी कार्तिकातला काकडा आला. महिनाभर पहाटे देवळात, आणि आरतीचं ताट तुझ्या हातात. दादांची दुसरी पाळी, ते येऊन जेवल्यावर तू आडवी होणार साडेबाराला आणि उठणार साडेतीनला. डॉक्टरबाईंनी किती वेळा सांगितलं होतं, की तुझ्यासाठी झोप म्हणजे अर्धी गोळी आहे. मी बोलले, तू म्हणालीस एका महिन्याचा तर प्रश्न हाय. मी पुन्हा बोलले, तर म्हणालीस, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाय. असं तू कधी बोलत नव्हतीस. मी रुसले आणि आठ दिवस त्या विषयावर गप्प बसले.

शेवटच्या सकाळी मी पहिल्या पाळीला निघाले होते आणि तू काकड्याहून येत होतीस. फाटकात भेटलो. अंगाला कापराचा वास, डोळे लाल. मी विचारलं, झोप झाली का, तर तू खेकसलीस, फाटक आपटलंस. माझ्या डोक्यात पहिला रकाना उघडला, अक्का. मला कळलं होतं. पण कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती आणि मला तुझा रागही आला होता. मी गेले. साडेनऊला आत्याबाई तुला चहाला उठवायला गेल्या. तू पालथी होतीस, तोंड उशीत. बाहेरच्या खोलीत दादा झोपलेले होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

नंतर तुझ्या गोळ्या मी मेथीच्या बरणीमागून काढल्या. महिन्याच्या पाकिटात अकरा गोळ्या जास्त होत्या. संध्याकाळची गोळी घेतली की पहाटे जाग येत नाही, म्हणून तू ती चुकवत होतीस, हो ना? मी एकटीच डॉक्टरबाईंकडे गेले आणि विचारलं, मी त्या दिवशी बस सोडली असती तर? त्या म्हणाल्या, झोपेत मोठी फिट येऊन गेली की क्वचित श्वास आणि हृदय परत नीट चालू होत नाही. झोप मोडली, गोळ्या चुकल्या, जवळ कुणी नसलं तर धोका वाढतो. पण तुम्ही असतात तर वाचली असती, असं मी सांगू शकत नाही, आणि वाचली नसती असंही नाही. खोटा दिलासा दिला नाही त्यांनी. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे, पण त्या रात्रीपासून मला झोप नाही.

इकडे मंडळानं ठरवून टाकलं की तू समाधी घेतलीस. काकडा करून आली आणि झोपेत गेली, असं मरण कुणाला येतं, म्हणत होत्या. मी शपथ पाळली. मात्र पाचव्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईनं खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तिला फिट यायच्या. बस, एवढंच. घराबाहेर, परक्या माणसाला. आणि त्याच आठवड्यात ऋतू जेवता जेवता थांबली.

घास हातात, डोळे समोर, पापण्या किंचित फडफडतायत. नऊ सेकंद. मग घास तोंडात, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं चालू. आत्याबाई म्हणाल्या, आईची आठवण येती लेकराला. त्याच दिवशी आणखी तीनदा झालं. एकच विचार डोक्यात, मी शपथ मोडली आणि ती हिला बाधली. मी देवासमोर नाक घासलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या, तुझ्या फोटोसमोर उभी राहून सुटली म्हण, सुटली म्हण करत बसले. तू फोटोत आपली हसतेयस, त्या तुटक्या दातासकट.

शेवटी तिला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी ऋतूच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि म्हणाल्या, फुंकत राहा, मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. ऋतूला मजा वाटली. पहिलं मिनिट भिंगरी गरगर फिरली. दुसऱ्या मिनिटाला फुंकर थांबली, भिंगरी हळू होत होत उभी राहिली, आणि ऋतू नुसती बसून होती, डोळे उघडे ठेवून. डॉक्टरबाईंनी तिला एक शब्द सांगितला, "आंबा." उत्तर नाही. मग ती परत फुंकायला लागली. मी कोणता शब्द म्हटला, असं विचारल्यावर ती आमच्याकडे बघतच राहिली. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं.

नंतर तारा लावून डोक्याची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी समजावलं ते तुला सांगते, कारण तू असतीस तर हेच आधी विचारलं असतंस. हिच्या फिटची जात वेगळी आहे. तुझी एका व्रणातून सुरू व्हायची, हिच्यात मेंदूच्या दोन्ही बाजू एकाच वेळी क्षणभर अडखळतात. म्हणून आधी वास नाही, कळ नाही, पडणं नाही, नंतर झोपही नाही. दिवसातून वीसदा येऊ शकते आणि शाळेत बाई म्हणतात, पोरीचं लक्ष नाही. तापाचा व्रण आईकडून लेकीला येत नसतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. औषधानं बहुतेक मुलांची आटोक्यात येते, मोठेपणी पुष्कळांची जाते, पण लिहून देता येत नाही. मी शाळेची वही दाखवली. वर्गशिक्षिकेचा 'लक्ष नसते' हा शेरा श्रावणातला निघाला. म्हणजे माझ्या तोंडून ते वाक्य निघायच्या कितीतरी आधीचा. शपथेचा संबंध नाही, हे समोर कागदावर दिसत होतं. तरी रिक्षात बसल्यावर मी ऋतूच्या डोक्यावरून हात फिरवला, तो भीतभीतच.

त्या म्हणाल्या होत्या, शाळेत सांगा, मैत्रिणींच्या आयांना सांगा, सायकल आणि पोहणं एकटीनं नको, जिन्यावर लक्ष ठेवा. घरी मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी दार लोटून घेतलं. "पोरीची जात हाय. तिच्या आईचं झाकलं, हिचं बी झाकू. गोळी दे, पण तोंड उघडू नको." दादा खाली बघत राहिले. आणि मी, तुझ्या शपथेचं निमित्त होतंच, मी पण गप्प बसले. चार वेळा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. ऋतू त्या दिवसांत माझ्या मागंमागं फिरायची. कंपनीत निघाले की विचारायची, काकू, तू किती वाजता येणार, नक्की येणार ना? मला वाटायचं, आई गेलेलं लेकरू, विचारणारच.

काल तुझ्या महिन्याचं भजन होतं. दुपारी सगळ्या जमल्या, तुझ्या फोटोला हार घातला, ऋतूच्या हातात टाळ दिले. तिसऱ्या अभंगाला तिचे टाळ थांबले. मी समोरच बसले होते, मोजायला सुरुवात केली. शिंदेकाकूंनीही बघितलं. त्यांनी ढोलकीवरचा हात उचलला, एकेक आवाज बंद होत गेला आणि काकू म्हणाल्या, "आईचं देणं लेकीला आलं बायांनो." एकीनं हात जोडले. दुसरी बुक्क्याची वाटी घेऊन उठली आणि तिचं बोट ऋतूच्या कपाळाकडे गेलं.

मी तो हात धरला. इतका जोरात की वाटी सांडली. म्हटलं, "ही तंद्री नाही. ही फिट आहे. अक्काला बी हीच होती, तुम्ही पाया पडत होता तेव्हा बी." आत्याबाई म्हणाल्या, सुनीता, गप. मी गप्प बसले नाही. काकडा, झोप, अकरा गोळ्या, सगळं एका दमात बोलून टाकलं. शिंदेकाकूंचा चेहरा पांढरा झाला. त्यांनीच तुझ्या हातात ते ताट दिलं होतं, त्यांना काय माहीत होतं? त्यांना माहीत नव्हतं, कारण आपण सांगितलं नव्हतं.

आणि त्या शांततेत ऋतूचे टाळ परत सुरू झाले. तिच्यासाठी मधे काही घडलंच नव्हतं, ती आपला अभंग पुढं वाजवत होती, एकटीच. मग तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. तिनं एकेकीकडे बघितलं. अक्का, एकूणएक चेहरा घाबरलेला होता. जे दिसू नये म्हणून तू मला शपथ घातलीस तेच मी तुझ्या लेकीला दाखवलं. मी उठून तिच्यासमोर बसले, म्हणजे तिला निदान माझाच दिसेल. म्हटलं, ऋतू, तुला आत्ता फिट आली होती, अर्ध्या मिनिटाची, आता गेली. माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही.

बायका लवकर गेल्या. शिंदेकाकू जाताना सांडलेला बुक्का पदरानं पुसून गेल्या. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते तर ऋतू दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, आता तुला काय होणार नाही ना?" मला कळेना. मग ती रडवेल्या आवाजात, घाईघाईनं बोलली. श्रावणात तू तिला तसं थांबलेलं बघितलं होतंस. तिला जवळ घेऊन सांगितलं होतंस, काकूला सांगायचं नाय, ती लई घाबरती. आणि शपथ घातलीस, माझ्या, म्हणजे काकूच्या डोक्याची. "मी नाही सांगितलं काकू, तूच बघितलं. डॉक्टरकडं पण तूच नेलं. मग मोडली का नाही मोडली?"

तुला माहीत होतं, अक्का. श्रावणापासून तुला माहीत होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस. चार महिने एक नऊ वर्षांची पोर मला जिवंत ठेवायला तोंड बंद करून होती. मी किती वाजता येणार, हे ती त्यासाठी विचारत होती. तुझा इतका राग मला कधी आला नव्हता. तू समोर असतीस तर मी काय बोलले असते, देव जाणे. आणि लगेच वाटलं, तू एकटीच बसून तिच्या फिट मोजत असशील, माझ्यासारख्याच, आणि मी घाबरेन म्हणून मला चहा करून देत असशील. आपण एकमेकींना किती जपलं गं, आणि त्यात काय करून बसलो.

मी ऋतूला म्हटलं, सुटली. तिनं मान हलवली. "तू नाही. आईनं म्हणायला पाहिजे." बरोबर होतं तिचं, नियम नियम असतो. मग मी एक केलं. पदर तुझ्यासारखा खोचला, एक हात कमरेवर ठेवला आणि तुझ्या आवाजात, तू दाराआडून बोलायचीस तसं म्हटलं, "सुटली गं बाय, दोघींची बी सुटली. कवाच सुटली." ऋतूला हसू फुटलं. हसता हसता तोंड वाकडं झालं आणि ती माझ्या कमरेला मिठी मारून रडायला लागली, आई, आई करत, सगळं अंग हलवून. महिनाभर ती रडली नव्हती.

आवाज ऐकून आत्याबाई धावत आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "काय झालं, फिट आली का?" मी म्हटलं, नाही आत्याबाई, ती रडतीय. रडू द्या तिला.